काढून टाकलेला आवाज

“स्वच्छ आहे,” वडील म्हणाले. “नको.”

सॉफ्टवेअरवाल्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने छताकडे. आठवड्यातलं हे तिसरं सॉफ्टवेअर होतं आणि तिन्हींचाही गुन्हा एकच होता. तिन्ही उत्तम होती.

स्टुडिओतलं आवाज साफ करायचं जुनं सॉफ्टवेअर वयोमानाने उघडेनासं झालं होतं. सोमवारपर्यंत एका माहितीपटाचा आवाज साफ करून द्यायचा होता. नाही दिला तर दिग्दर्शिका काम दुसरीकडे नेणार होती. तिने हे अतिशय गोड शब्दांत सांगितलं होतं, म्हणजे ती नक्की नेणार होती.

स्टुडिओ मुलगी चालवायची, पण ऐकण्याचा प्रश्न आला की शेवटचा शब्द वडिलांचा. धंद्यात त्यांना सगळे ‘कान’च म्हणत. पलीकडच्या खोलीत कोणी पेल्यात पाणी ओतत असेल, तर हे इथून ओरडत, “बास, सांडेल!” आणि दोन थेंबांनी सांडायचंच.

चाचणीला ते दर वेळी एकच तुकडा लावत. तीस वर्षांपूर्वी घरच्या खोलीत टेपवर घेतलेलं त्यांचंच निवेदन. “पुलाचा सगळा भार पाण्याखालचे खांब पेलतात, म्हणून ते कोणाला...” इथवर आलं की मागे खरखर उठायची आणि निवेदक तरुण आवाजात खेकसायचा, “अगं, आवाज!” तुकडा तिथेच संपायचा.

त्या घरात आवाज न करता जगण्याचा नियम होता. आई दार लावायची ती कडी मुठीत धरून. शिंकायची ती उशीत तोंड खुपसून. मुलीला मात्र हे कधी साधलं नाही, म्हणून घरात तिचं नाव भोंगा. भोंगा नऊ वर्षांची असताना आई गेली. तीसुद्धा कोणाला हाक न मारता. मागे फोटो पुष्कळ राहिले. आवाज एकही राहिला नाही. बायकोचा आवाज टेपवर आला की ती टेप वाया गेली असं धरून वडील ती पुसत आणि पुन्हा वापरत. ही एकच पुसायची राहिली होती.

“बाबा, आज ठरवायचंच,” मुलगी म्हणाली. “खरखर गेली. तुमचा आवाज कसा घंटेसारखा आलाय. अजून काय हवंय तुम्हाला?”

“माझा आवाज घेऊन मी काय करू? तो मला रोज ऐकावा लागतो. तुलाही लागतो, बिचारीला.” मग ते पुढे म्हणाले, “ती नुसती खरखर नाहीये, भोंग्या. दाराबाहेर कोणीतरी उभं होतं. आणि मी ओरडलो तुझ्या आईवर.”

 आईचा चेहरा मुलीला डोळे मिटूनही दिसायचा. आवाज मात्र, कितीही आठवला तरी, स्वतःचाच यायचा.

सॉफ्टवेअरवाल्याच्या लॅपटॉपवर चौथंही एक होतं. ते स्वस्त असल्यामुळे दाखवायची त्याला लाज वाटत होती. “यात एक जादा बटण आहे, काका. जेवढं काढून टाकलं, तेवढंच ऐकवतं. पण कचरा कोण ऐकत बसणार?”

“दाब,” वडील म्हणाले.

त्याने दाबलं. पूल गेला. खांब गेले. तरुण निवेदक गेला. उरली पंख्याची घरघर, आणि मग लहान पावलांची धाडधाड, लांबून दारापर्यंत आलेली. त्यामागून खरखर. पण आता ती एकटी होती आणि टेपची वाटत नव्हती. कोणाच्या तरी ओठांतून येत होती.

“श्श... हळू, भोंग्या. बाबांचं काम चाललंय ना.”

तुकडा संपला. मुलीचा हात तोंडावर गेला होता. दुसऱ्या हाताने तिनेच ते बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा. वडील खुर्चीच्या कडेला बसून होते, मान किंचित तिरकी, पेला भरताना ऐकत तशी.

 सॉफ्टवेअरवाला घसा खाकरून म्हणाला, “काका, अजून थोडं स्वच्छ करून देऊ का?”

वडिलांनी ओठांवर बोट ठेवलं.

“श्श. ती बोलतेय.”