दारामागची शेळी

“दार उघडतं हो, वहिनी. उघडणारा लागतो,” दीर म्हणाला आणि पावाला लोणी लावू लागला.

गेममधल्या बर्फाच्या किल्ल्यातलं ते शेवटचं दार वहिनींना कधीपासून छळत होतं. बालवाडीतून घरी आल्यावर पाय वर घेऊन थोडा वेळ गेम खेळायचा, एवढीच त्यांची चैन. दऱ्या ओलांडून झाल्या, राक्षस लोळवून झाले, सगळ्या किल्ल्या गोळा करून झाल्या. दार मात्र ढिम्म हलेना. शेवटी त्यांनी गेमच्या फोरमवर सरळ लिहिलं, ‘दारात काहीतरी बिघाड आहे. विकत घेतलेला गेम पुरा खेळता येत नाही. कंपनीने लक्ष घालावं.’

कंपनीने लक्ष घातलं नाही. फोरमवरच्या जुन्याजाणत्यांनी घातलं. ‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ एकाने लिहिलं. ‘ताई, तुम्ही पत्ते खेळा,’ दुसऱ्याने. ‘मी तर डोळे मिटून गेलो त्या दारातून,’ तिसऱ्याने. आणि या जाणत्यांचा म्होरक्या, टोपणनाव ‘सेनापती’, तो तर घरातलाच. सख्खा दीर. ‘काही लोकांना बोट धरूनच चालवावं लागतं,’ असं त्याने लिहिलं होतं. तक्रार वहिनीची आहे हे ठाऊक असून लिहिलं होतं.

बरं, दारापलीकडे काय आहे ते विचारायचीही सोय नव्हती. पुढचं सांगून दुसऱ्याची मजा घालवायची नाही, हा तिथला कडक नियम. ज्याला विचारावं तो नियमावर बोट ठेवून मोकळा. आणखीही एक रीत होती. जुन्या खेळाडूंनी ‘खेळाडूची चूक’ असा शेरा मारला की तक्रार तिथेच बंद व्हायची. रविवारी वहिनींच्या तक्रारीवर तो शेरा बसणार होता, आणि मारणार होता सेनापती.

वहिनींना राग आला होताच. पण रागापेक्षा वाईट म्हणजे शंका आली होती. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील? आपल्यालाच अक्कल कमी असेल. गेम पुसून टाकावा आणि गप्प बसावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्या दिवशी वर्गात एका चिमुरडीने जाहीर केलं, “बाई, मी काल अस्वल पाहिलं! एवढं मोठं!”

“हो का? मग काढ बघू.” वहिनींनी कागद आणि रंगीत खडूंचा डबा तिच्यापुढे सरकवला. ही त्यांची नेहमीची युक्ती. अस्वल पाहिलेलं पोर वेडंवाकडं का होईना, पण काढतं. चिमुरडीने सगळे खडू उलटेपालटे केले, एकेक निरखून पाहिला, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “बाई, खडू मोडलाय.”

वहिनी हसल्या. आणि हसता हसता थबकल्या.

संध्याकाळी त्यांनी फोरमवर लिहिलं, ‘माझंच चुकलं. दार उघडलं. नियम मोडते आहे, पण राहवत नाही. ती चष्मा लावलेली शेळी काय गोड आहे हो!’

आधी एकाला कंठ फुटला. ‘आत्ता पोचलात होय शेळीपाशी!’ त्याच्यामागोमाग दुसरा. ‘तिचं कोडं मी पहिल्याच फटक्यात सोडवलं.’ डोळे मिटून गेलेल्याने कळवलं की चष्मा काढून घेतला तर शेळी तलवार देते. सेनापतीने तर तिला हरवायचे डावपेच अगदी बैजवार समजावून सांगितले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आयतीच शेळी मिळाली होती. दोन दिवस फोरमवर दुसरा विषय नव्हता.

“जमलं ना, वहिनी?” दीर जेवताना मोठ्या मनाने म्हणाला. “शेळीने पहिल्यांदा माझाही घाम काढला होता.”

“तुमचासुद्धा?” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी त्याला आणखी भात वाढला.

तक्रार वाचायला कंपनीतून कुणी फिरकलं नव्हतं. कौतुक वाचायला मात्र धावत आले. रविवारी सकाळी, शेरा बसायच्या आधीच, त्यांचं उत्तर झळकलं. वहिनींनी ते न्याहारीच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. वर्गात गोष्ट वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून.

‘आमच्या गेममध्ये शेळी नाही. ती कुठून आली ते शोधताना लक्षात आलं, की त्या दाराला किल्ली जोडायचीच आमच्याकडून राहून गेली आहे. ते आजवर एकाही खेळाडूसाठी उघडलेलं नाही. चूक आमची. तक्रार करणाऱ्या बाईंची आम्ही माफी मागतो. दार लगेच दुरुस्त होईल. ज्यांनी शेळी पाहिली आहे, त्यांनी ती कशी दिसते ते कृपया कळवावं.’

म्हणजे अंगण खरोखरच वाकडं होतं. वहिनींना इतका आनंद झाला की तिथेच एक गिरकी घ्यावीशी वाटली. त्यांनी घेतलीही.

मग वर्गासाठी आणलेला खडूंचा नवाकोरा डबा त्यांनी पिशवीतून काढला, एक कागद घेतला, आणि दोन्ही दिरापुढे सरकवले.

“काढा बघू, भावोजी.”

सेनापतीने डबा उघडला. हिरवा उचलून ठेवला, तांबडा उचलून ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“वहिनी,” तो खाली मान घालून म्हणाला, “खडू मोडलाय.”