रोजची दुसरी गोळी

"रक्तात औषध निम्मंच सापडतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि मूत्राशयातली गाठ वाढली आहे."

"असं कसं होईल?" ड्रायव्हरच्या बायकोचा आवाज चढला. "रोज सकाळी दोन गोळ्या मी स्वतः यांच्या हातावर ठेवते. तुमची ती गोळ्यांच्या नोंदीची वहीसुद्धा मीच भरते. तुमचं औषधच कुचकामी असेल!"

कॅन्सर मूत्रमार्गात पसरला आणि नेहमीचे सगळे उपाय करून झाले, तेव्हा या नव्या औषधाच्या चाचणीत त्याचं नाव लागलं होतं. किती विनवण्या केल्या होत्या तिने! आठ आठवडे त्या वहीत तिने एक खाडाखोड होऊ दिली नव्हती.

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नुसतं ड्रायव्हरकडे पाहिलं. तो मान खाली घालून टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होता. बायकोला तेवढं पुरे होतं.

"अहो, काय केलंत?"

"एक मी घेतो," तो म्हणाला. "तू गॅसकडे वळलीस की दुसरी खिशात टाकतो. फिरायला गेलो की त्याला देतो."

त्याला म्हणजे त्याच्या बसवरच्या कंडक्टरला. दोघांना एकाच दुखण्याने गाठलं होतं, पण कंडक्टरच्या किडन्या कमजोर निघाल्या आणि चाचणीत त्याला घेतलं नाही.

"तीस वर्षं त्याने बेल दिल्याशिवाय मी गाडी हलवली नाही. आता त्याला स्टॉपवर टाकून एकटा पुढे जाऊ?"

"आणि मला कुठे टाकलंत?" ती ओरडली.

"किडन्यांना सोसणार नाही, म्हणून तर त्यांना नाही म्हटलं होतं," डॉक्टरीणबाईही आता चिडल्या होत्या. "जीव गेला असता त्यांचा! आणि तुमची गाठ एवढी वाढली की नियमाने तुमचं नाव कमी करावं लागतं. आजपासून औषध बंद."

"यांना चाचणीत अजून एकदा नाही का घेता येणार?"

"नाही."

ती दार ढकलून बाहेर आली. कंडक्टर बाकावर बसला होता. प्रत्येक तपासणीला तो सोबत यायचा, आणि ती वेडी त्याच्यासाठीही चहा आणायची.

"काय म्हणाल्या, वहिनी?"

"गोड लागल्या का गोळ्या? माझ्या नवऱ्याच्या तोंडातलं औषध गिळताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

कंडक्टरचा चेहरा उतरला. त्याने खांद्यावरची जुनी चामड्याची बॅग उघडली आणि तिच्यातून पत्र्याची एक डबी काढली. ती काठोकाठ भरली होती.

"एकही गिळली नाही, वहिनी. मला चालत नाही हे मला ठाऊक होतं. नको म्हटलं की हा भांडायचा, म्हणून घ्यायचो. चाचणी संपली की औषध मिळायचं नाही. तेव्हा याला होतील म्हणून ठेवल्या."

तिला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. इतका राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर?

"वा! एकापेक्षा एक थोर! आणि दुसरी गोळी मात्र कुणाच्याच पोटात नाही!"

कॉरिडॉरमधली माणसं वळून बघू लागली. बघेनात का. आवाज ऐकून नर्स बाहेर आली. उरलेल्या गोळ्या परत घ्यायचा नियम होता. तिने डबी घेतली आणि एकेक गोळी मोजत प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकली.

"छप्पन्न. बरोबर आठ आठवड्यांच्या," ती म्हणाली. "या आता नष्ट करायला जातील."

ड्रायव्हर केव्हाच मागे येऊन उभा राहिला होता. त्याने कंडक्टरकडे पाहिलं नाही, नर्सकडेही नाही. रोज सकाळी धरायचा तसा हात त्याने बायकोपुढे धरला.

"आता घेऊ का गं एक?"

तिने सवयीने पर्समधून पाण्याची बाटली काढून झाकणही उघडलं. तोवर नर्सने पिशवीला सील लावलं होतं.