स्वेरेचा स्टार्टर

बटण दाबलं की मोटारसायकल ‘टक्’ म्हणायची. पुढे काही नाही. ओड्डवारने तिसऱ्यांदा दाबलं. टक्.

“एकोणीस वर्षं एवढंच म्हणतेय ती,” होडीच्या शेडच्या दारातून इंगव्हिल म्हणाली. “स्वेरेचंसुद्धा ऐकलं नाही तिने.”

“स्वेरे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मी फेरीबोटीवर एकतीस वर्षं वायरमन होतो.”

“ठाऊक आहे रे बाबा. लग्नाच्या आधीपासून सांगतोयस.”

स्वेरे म्हणजे इंगव्हिलचा पहिला नवरा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती आणि ओड्डवारशी लग्न होऊन दोन. जिवंत माणसाचा मत्सर करणं सोपं असतं. तो कधीतरी जाड होतो, घोरतो, पोस्टात किल्ल्या विसरतो. स्वेरेने यातलं सगळं बंद केलं होतं.

फ्रिजवर एक फोटो होता, पाद्रीबाईंनी काढलेला. चर्चच्या उतारावर स्वेरे हँडल धरून पळतोय, मागून इंगव्हिल गाडी ढकलतेय आणि तोंड उघडं टाकून हसतेय. दर रविवारी प्रार्थना संपली की हा तमाशा व्हायचा म्हणे. गाडीला किक नव्हतीच, आणि स्टार्टर हा असा. उतारावर इंजिनाने पकड घेतली की इंगव्हिल धावत जाऊन मागच्या सीटवर उडी टाकायची, आणि दोघं खाली धक्क्यावर वॅफल खायला जायची. अर्धं गाव बघत उभं राहायचं.

ओड्डवारचा राग त्या हसण्यावर होता. दोन वर्षांत ती त्याच्याबरोबरही पुष्कळदा हसली होती, पण तोंड मिटून. त्याची कार विजेवरची होती. ती सुरू झालेली कळतसुद्धा नसे.

मे महिना लागताच त्याने ठरवलं. स्टार्टर दुरुस्त करायचा आणि रविवारी सगळ्या गावादेखत, चर्चच्या दारात, एका बोटाने गाडी सुरू करून दाखवायची. मग बघू तो फोटो फ्रिजवर किती दिवस टिकतो.

आठवडाभर तो शेडमध्ये होता. नवी बॅटरी घातली. कार्ब्युरेटर उघडून धुतला. जाडी वायर बदलली. टक्. शनिवारी सकाळी त्याने अख्खी स्टार्टर मोटारच खाली उतरवली आणि दुपारी कोपरापर्यंत काळे हात घेऊन जेवायला बसला. इंगव्हिलने त्याच्या ताटाखाली वर्तमानपत्र पसरलं. काम पुरं झाल्याशिवाय हात धुवायचे नाहीत, हा ओड्डवारचा फेरीबोटीवरचा नियम होता. मध्येच धुतले तर काम उलटतं. गावातली वीजही तोच दुरुस्त करायचा; काळ्या हातांचा ओड्डवार रस्त्यात दिसला की गाव समजायचं, कुणाच्या तरी घरी अजून अंधार आहे.

“सापडलं काही?” तिने विचारलं.

“तुझ्या ऑर्गनवाल्याने ती मोटार जन्मात उघडली नसणार.”

“उघडायचा की. दर वसंतात. तासन्‌तास बसायचा. मग ‘नाही जमलं गं’ म्हणत यायचा.” ताटातल्या बटाट्याकडे बघून ती हसली.

ओड्डवारला त्या बटाट्याचाही मत्सर वाटला.

जेवून त्याने मोटारीचं झाकण काढलं. आत तांबं लखलखत होतं. त्या तांब्याला वीज पोचवणारे कोळशाचे दोन ठोकळे, म्हणजे कार्बन ब्रश, जवळजवळ नवे होते. मात्र त्यातला एक तांब्याला टेकत नव्हता. ब्रश आणि तांबं यांच्या मध्ये दुधाच्या खोक्याची मेणचट पट्टी सरकवलेली होती. वीज तिथेच अडत होती.

पट्टी नखं कापायच्या छोट्या कात्रीने कापलेली होती. कडा सरळ, दुहेरी घडी, रुंदी ब्रशएवढी, केसभर कमी ना जास्त. वर गाईचा अर्धा कान छापलेला होता. ती गाय डेअरीने आपल्या खोक्यांवरून दहा वर्षांपूर्वीच काढून टाकली होती.

त्याने पट्टी काढली आणि मोटारीला बॅटरीच्या वायरी टेकवल्या. मोटार भिर्रकन फिरली.

म्हणजे तो जिंकला होता. ओड्डवार उलट्या बादलीवर बसला. उद्या एका बोटाने गाडी सुरू होईल. इंगव्हिल मागच्या सीटवर नीट बसेल, पर्स मांडीवर घेईल आणि तोंड मिटून म्हणेल, ‘छान.’ गाडी ढकलायला कुणीच लागणार नाही. हे त्या ऑर्गनवाल्याला एकोणीस वर्षांपूर्वी कळलं होतं. संगीतात हरवलं असतं तर ओड्डवारने सोसलं असतं. बेट्याने विजेत हरवलं होतं.

त्याने पट्टी उचलली, घडी बोटाने दाबली आणि होती तिथे परत बसवली. झाकण लावलं, मोटार गाडीला चढवली, बटण दाबलं.

टक्.

काम पुरं झालं होतं. सवयीने तो नळावर गेला आणि साबणाने खसाखसा हात धुतले.

स्वयंपाकघरात इंगव्हिल कॉफी ओतत होती.

“नाही जमलं गं,” ओड्डवार म्हणाला. “उद्या ढकलावी लागेल. येशील?”

इंगव्हिलने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती. हात गुलाबी होते, लख्ख. तिने किटली खाली ठेवली आणि फोटोतल्यासारखी, तोंड उघडं टाकून हसली.

“पट्टी सरळ बसवलीस ना?” ती म्हणाली. “स्वेरेची कायम तिरकी बसायची. शेवटी ही मी कापून बसवली.”