उणे बारा

पोशीरच्या कोंडीरामने सरकारी योजनेतून घराभोवतीच्या माळावर शंभर झाडं लावली. जगलेल्या झाडांवर दरवर्षी अनुदान मिळणार होतं. पहिल्या वर्षी मोजायला आलेल्या साहेबांना एकशे बारा सापडली.

"वरची बारा पाखरांनी लावली, साहेब," कोंडीराम म्हणाला. "जांभळं खाल्ली आन् बिया टाकल्या."

"पाखरं योजनेत बसत नाहीत." साहेबांनी मोबाईलवर आकडे भरले. "लावली शंभर, जगली एकशे बारा. म्हणजे मेली उणे बारा."

मोबाईल उणे घेईना. साहेबांनी उण्याची रेघ पुसली आणि बारा मेलेली नोंदवली.

"अवो, एक पन मेलं नाय!" कोंडीरामची बायको भीमाबाई कळवळली.

"मावशी, काळजी कशाला? मेलेल्यांच्या बदल्यात नवीन रोपं येतात."

आली. भीमाबाईने बाराच्या बारा जगवली. पुढच्या वर्षी एकशे चोवीस भरली, म्हणून चोवीस मेली. त्याच्या पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस मेली.

"अगं, एखादं तरी मरू दे गं आता," कोंडीरामने हात जोडले.

"तुमच्या अनुदानापायी मी जीव घेऊ व्हय?" म्हणत भीमाबाई पाणी घालतच राहिली.

पाचव्या वर्षी मेलेली एकशे ब्याण्णव भरली, पण मोबाईल लावलेल्या शंभरांपेक्षा जास्त मरू देईना; म्हणून शंभरच्या शंभर मेली आणि पत्र निघालं: 'आपल्या जागेवर एकही झाड जिवंत नसल्याने अनुदान बंद करण्यात येत आहे.'



पत्र पंधरा दिवस उशिरा मिळालं, कारण पोस्टमनला झाडीत घर सापडत नव्हतं.