भाजीचा कस

चनमल्लप्पांचं डायलिसिस सुरू झालं, त्या दिवशीच दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी त्यांच्या बायकोला, चन्नम्माला, बजावलं होतं, "पालक असो, शेवग्याचा पाला असो, आधी उकळून पाणी काढायचं, मगच भाजी द्यायची. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडतं." चन्नम्मानं ते व्रतासारखं पाळलं. शेजारीण मोहोळहून किडनीची कसलीशी जडीबुटीची पावडर घेऊन आली, तर तिला दारातूनच वाटेला लावलं.

तरी पोटॅशियम चढतच गेलं. परवा डॉक्टर चिडलेच, "आजी, घरी नक्की काय खायला घालताय यांना?"

"उकळून चोथा झालेली भाजी, दुसरं काय!" चन्नम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यात काय ऱ्हातंय हो?"

आज भवानी पेठेतल्या घरी चनमल्लप्पा भिंतीला टेकून बसले होते. "पायात जीवच न्हाय गं. छातीत कसंतरी हुतंय."

"हुणारच की! नुसत्या चोथ्यावर ताकद कुठनं यायची?" म्हणत ती लगबगीनं आत गेली. पुरणाच्या डाळीचं पाणीसुद्धा कधी वाया न घालवलेली बाई ती. आटवून दाट केलेल्या हिरव्या पाण्याची वाटी तिनं आणली आणि मायेनं नवऱ्याच्या ओठांना लावली.



"घ्या, रोजच्यासारखं सगळं संपवा. भाज्यांचा सगळा कस ह्यातच उतरलाय. मोरीत ओतायला मी काय येडी हाय?"