खाली वळलेला बाण

पडद्यावर चार आकडे होते: ११८, १०४, ८९, ७६. दर पाच मिनिटांनी एक. शेवटच्या आकड्यापुढे खाली वळलेला बाण. पाचव्या आकड्याच्या जागी एक ओळ आली: रोशनीने तिची रक्तातली साखर तुम्हाला दाखवणं बंद केलं आहे.

दीप्तीने अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. तीच ओळ.

रोशनी, तिची मुलगी, मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला भिवापूरला गेली होती. दंडावर साखर मोजणारा सेन्सर, पर्समध्ये इन्सुलिन. परवाच तिला अठरा पूर्ण झाली आणि खातं तिच्या हाती आलं. आकडे कोणाला दिसावेत हे आता ती ठरवणार होती.

सकाळी दीप्तीने नेहमीसारखा तिचा आकडा परिवाराच्या ग्रुपवर टाकला होता. लहानपणापासून तो असाच जायचा. साखर उतरली की कोणीतरी धावायचं; चढली आणि घरातलं इन्सुलिन संपलेलं असलं की मामा जरीपटक्याहून घेऊन यायचा. आज आकडा होता २६४. खाली काकूने लिहिलं, 'लाडू हाणून राहिली वाटते. हिले सून करून कोण घेईन बापा.' त्यावर हसणारे चेहरे. रोशनीने ते वाचलं होतं. रागाच्या भरात इन्सुलिन जास्त टोचून घेतलं असेल तर? साखर सत्तरच्या फार खाली गेली की शुद्धही हरपते.

रोशनीचा फोन नुसता वाजत राहिला. मैत्रिणीचा नंबर दीप्तीकडे नव्हता. घ्यावा असं कधी वाटलंच नाही. आकडा दिसत होता ना.

"पोरगी फोन काहून नाही उचलून राहिली वं?" सासू जिजाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

दीप्तीने सेन्सरच्या कंपनीला फोन लावला. नाव, जन्मतारीख, सगळं सांगितलं. फक्त आत्ताचा आकडा हवा, म्हणाली. पलीकडच्या बाईने रोशनीचं खातं उघडलं.

"मॅडम, मला दिसतोय. पण सांगायची परवानगी नाही."

"तुमाले दिसते, अन् तिच्या मायले नाही?"

"त्यांनी तुमचं नाव यादीतून काढलंय."

"बाण तरी सांगा, ताई. वर आहे का खाली?"

तेही सांगता येत नव्हतं. बाईने रोशनीला स्वतः फोन लावून पाहायचं कबूल केलं.

दीप्तीने मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला: 'ग्रुपवर आता कधीच टाकणार नाही. मलाही दाखवू नको. फक्त साखर खा, बाळा.'

एक टिक. किती तरी वेळ एकच. मग दोन.

उत्तरात शब्द नव्हता, नुसता आकडा: ५१.

जिजाबाई उठून जवळ आल्या. "किती हाय वं?"

दीप्तीने फोन छातीशी उलटा धरला. "तिले विचारा, आई."

पाच मिनिटांनी दुसरा आला: ५८.