काचेपलीकडची मैना

काचेच्या गर्भाशयातून काढलेलं शिंगरू पेंढ्यावर निपचित पडलं होतं. लवकर उठलं नाही तर ते जगणार नव्हतं. जाड काचेपलीकडे त्याची आई मैना उभी होती. घोडीचा गर्भ पाडणारा आणि नवजात शिंगराचाही जीव घेणारा विषाणू आता प्रत्येक घोडीच्या श्वासात होता. त्यामुळे बारा वर्षांत कुठल्याच घोडीनं आपलं पिल्लू हुंगलं नव्हतं.

"मावशी, मैनाचं खिंकाळणं रेकॉर्ड करून ऐकवलं," डॉक्टर केतकी म्हणाली. "ढिम्म हलत नाही."

"अगं, खिंकाळणं म्हणजे लांबच्याला मारलेली हाक! पिल्लाशी घोडी हळू बोलते. तू ते ऐकणार कुठून?"

सारजाबाईंनी चाळीस वर्षं घोड्यांची बाळंतपणं केली होती. त्या खाली बसल्या, शिंगराच्या ओल्या कानाशी तोंड नेलं आणि घशातल्या घशात फुरफुरल्या. पुन्हा एकदा. शिंगरू धडपडत उभं राहिलं.

"उठलं, मावशी!"

पलीकडे मैनानं काचेला नाक टेकवलं आणि अगदी तसाच आवाज काढला. सारजाबाईंनी घाईघाईनं शिंगराचं तोंड तिच्याकडे वळवलं. ते क्षणभर थांबलं, मग माघारी फिरून सारजाबाईंच्या लुगड्यात दूध शोधू लागलं.